उतरण

नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी नुकतीच फलाटाला लागली होती. दाराशी नेहमीची रेटारेटी चाललेली, आणि तिच्या कडेला मन्मथअप्पा एका कानात बोट घालून, दुसऱ्या कानाशी फोन दाबून उभे होते. लेकीनं दुपारी बोलून पाठवलेला निरोप त्यांना आत्ता सापडला होता. "अप्पा, आज शेवटचा सामना. जिंकलो तर जादा सामने मिळतील, वाचायची आशा राहील. नाही जिंकलो तर अब्श्टीग. हा शब्द तुम्हाला कधी नीट सांगितलाच नाही ना मी? लीगमधून खालच्या लीगमध्ये जाण्याला इथं असं म्हणतात. पण अर्थ अगदी साधा आहे बघा. उतरणं. डोंगरावरून खाली उतरणं." आणि नेमकं त्याच वेळी गाडीच्या पायरीवरून वाहक बाई गर्दीवर ओरडली, "खाली उतरणाऱ्याला उतरू द्या आधी. खाली उतरू द्या, मग चढा." अप्पांनी कानातलं बोट काढलं. हे वाक्य त्यांना काही नवं नव्हतं. एसटीत एकतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढलेली, त्यातली वीस लातूरच्या स्टँडवर भोंग्यासमोर; हेच वाक्य त्यांनी स्वतः किती हजार वेळा म्हटलं असेल त्याला हिशेब नाही. पण आज ते वेगळंच ऐकू आलं. खाली उतरव. हाच शब्द. गेल्या श्रावणात सिद्धेश्वरापुढं उभं राहून आपण देवाला हाच शब्द दिला होता, आणि देवानं तो पडू दिला नाही.

"कंट्रोलर साहेब, झोप लागली का उभ्या उभ्या?" पंचशीला वाहक त्यांना ओळखत होती, नोकरीला लागली तेव्हा तिची पहिली ड्युटी अप्पांनीच लावलेली. तिनं दाराजवळची एक सीट पिशवी टाकून धरून ठेवली होती. "बसा हितं. सप्त्याहून आलाव वाटतं? डोळे बगा की कसे झालेत." अप्पा बसले. मांडीवर पिशवी घेतली. पिशवीत टाळ होते, आणि टाळांना गुंडाळलेला पिवळ्या-हिरव्या लोकरीचा एक लांबलचक पट्टा, ज्यावर हाल्डेनबाख हे लेकीच्या फुटबॉलच्या क्लबाचं नाव तिकडच्या लिपीत विणलेलं. लेकीनं, सुकन्यानं, पहिल्या वर्षी पाठवला तेव्हा हे गळ्यात घालायचं असतं हे तिच्या आईला, सिंधूला, पटेना. लातूरच्या उन्हात लोकर गळ्यात कोण घालील, म्हणून तिनं तो टाळांना दिला. टाळ असे मऊ कापडात राहिले की त्यांच्या कडा एकमेकींना लागत नाहीत, नाद राहतो. अप्पांना ते बरोबर वाटलं होतं. त्या क्लबाच्या अंगावरचं वस्त्र देवाच्या कामाला लागलं, यात वाईट काय?

गाडी हलली. खिडकीतून गरम वारा आला. सव्वासहा वाजले होते आणि सामना सातला, म्हणजे लोह्याच्या आसपास. अप्पांनी डोळे मिटले. मिटल्याबरोबर गेल्या श्रावणातला तो सोमवार समोर उभा राहिला. गाभाऱ्यातला बेलाचा ओला वास, मागून लोटणारी रांग, पुजाऱ्याचं 'चला, चला'. मागायला किती वेळ मिळतो माणसाला? एका बेलाच्या पानाएवढा. त्यांना म्हणायचं होतं, पोरीला घरी आण. तीन वर्षं झाली होती तिला तिकडं जाऊन. लातूरला फिजिओथेरपी शिकली, पुण्याला जाऊन जर्मन शिकली, आणि तिकडच्या एका लहानशा गावातल्या फुटबॉलच्या क्लबात खेळणाऱ्यांच्या मांड्या-पोटऱ्या सांभाळायला लागली. गाव आपल्या अहमदपूरएवढं, पण त्याचा क्लब देशातल्या दुसऱ्या लीगमध्ये, याचं त्या गावाला कोण कौतुक. एकुलती एक लेक. घर स्टँडच्या मागं, दिवसभर गाड्यांचा आवाज, तरी घरात शांतता अशी की घड्याळ ऐकू यावं. म्हणायचं होतं घरी आण, आणि तोंडातून निघालं, 'देवा, पोर लई वर गेली. तिला खाली उतरव.' असं का निघालं हेही त्यांना ठाऊक होतं. सुकन्या पाच-सहा वर्षांची असताना शाळेतून थेट स्टँडवर यायची आणि डेपोत उभ्या असलेल्या गाडीच्या मागची शिडी चढून टपावर जाऊन बसायची. तिथून तिला अख्खा स्टँड दिसायचा, अप्पांची खोली दिसायची, भोंगा दिसायचा. मग अप्पा परळीच्या गाडीची घोषणा अर्धी सोडून भोंग्यावरूनच म्हणायचे, 'सुकन्या, खाली उतर.' साऱ्या स्टँडला ठाऊक झालं होतं. उतारू हसायचे. ती शेवटच्या पायरीवरून उडी मारायची आणि धुळीचे तळवे घेऊन खोलीत यायची. लेकीला बोलावायचं म्हणजे त्यांच्या जिभेवर तेवढाच एक शब्द होता. तोच देवापुढं गेला.

आणि त्याच आठवड्यात हाल्डेनबाखवाले पहिला सामना हरले. मग दुसरा. तेव्हा अप्पांच्या मनात काही आलं नव्हतं. फुटबॉल त्यांना कळतच नव्हता. सुकन्या चित्रात कुठं दिसते का, एवढ्यासाठी ते नि सिंधू फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून सामना बघायचे. कुणी पडलं की ती पिशवी घेऊन धावत मैदानात येते, म्हणून सिंधू प्रत्येक सामन्यात कुणीतरी पडावं याची वाट बघायची, आणि पडला की 'आई गं, लागलं का त्याला' म्हणून हळहळायची. पण दसऱ्याच्या सुमाराला अठरा क्लबांत हाल्डेनबाख अठराव्या जागी गेलं, आणि त्याच वेळी सुकन्यानं बोलता बोलता सांगितलं की तिचा करार दुसऱ्या लीगपुरताच आहे. क्लब खाली गेला की करार आपोआप संपला. "मग येते की लातूरला," ती हसत म्हणाली होती. "खूश ना?" सिंधूनं फोन ठेवल्यावर देवापुढं साखर ठेवली. अप्पा मात्र अंगणात जाऊन उभे राहिले. खाली उतरव म्हटलं होतं. देवानं पोरीला एकटीला नाही उतरवलं, सगळ्या क्लबालाच जिन्यावरून खाली ढकलायला घेतलं. वर मागताना जीभ घसरली आणि जन्मभर झोपून राहावं लागलं अशा राक्षसाचं आख्यान त्यांनी कीर्तनात पन्नासदा ऐकलं होतं, पन्नासदा हसले होते, टाळ हातात धरून. आता हसू येईना.

"काय इचारात पडलाव साहेब?" पंचशीला तिकिटं संपवून शेजारच्या सीटवर येऊन बसली होती, मशीन मांडीवर ठेवून. अप्पांनी सांगितलं, लेकीच्या क्लबाचा आज शेवटचा सामना आहे. अठरांत सतरावा नंबर. न जिंकल्यास खालच्या लीगमध्ये.

"म्हंजे नापास."

"नापास न्हाई, खालच्या वर्गात पाठवतेत."

"नापास झालेलं लेकरू हाय त्याच वर्गात बसतंय, साहेब. हे तर त्याच्या बी पुढचं झालं." तिनं थोडा विचार केला. "अन् लेकीची नोकरी?"

"ती जाती मग. ती घरी येती."

"मग चांगलंच हाय की," पंचशीला म्हणाली, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मशीन पुसायला लागली.

चांगलंच होतं. तेच तर. गेले आठ महिने अप्पांच्या मनाला एक गाठ बसली होती आणि ती दोन्ही बाजूंनी ओढली जात होती. हरले तर पोर घरी येणार. जूनच्या मध्यावर तिच्या चपला दारात दिसणार, संध्याकाळी ती सिंधूच्या पायाला तेल लावत बसणार, तिच्या हाताला एवढं मोठं कसब आलेलं. पण तो क्लब आता नुसता क्लब राहिला नव्हता ना. त्यात माणसं आली होती. उंच गोलकीपर होता, यानिक नावाचा, त्याला सिंधूनं जानकी करून टाकलं. 'जानकीनं अडवला बगा,' ती म्हणायची, आणि सहा फूट चार इंचांचा तो दाढीवाला गडी गोल अडवून चिखलात लोळायचा. कप्तान टिल, छत्तीस वर्षांचा, त्याचा गुडघा सुकन्या दोन वर्षं जपत आली होती. तो घरात तीळ झाला. संक्रांतीला सिंधूनं तिळगूळ करताना फोनवर विचारलं, 'तिळाचा गुडघा कसा हाय?' आणि सुकन्यानं तिथं जाऊन त्याला खरंच ते सांगितलं, आणि त्यानं परत निरोप पाठवला की गुडघा बरा आहे, मावशीला नमस्कार. असा निरोप आल्यावर माणसानं काय करावं? त्याचा क्लब बुडावा म्हणून देवाला हात जोडलेत, हे त्याला कसं सांगावं? संक्रांतीपासून अप्पा उलटं मागायला लागले. रोज सकाळी सिद्धेश्वराला जायचे आणि म्हणायचे, मागचा शब्द मागं घेतो. मग हाल्डेनबाखवाले एखादा सामना जिंकायचे, अप्पांना दिवसभर हलकं वाटायचं. आणि संध्याकाळी सिंधू सुकन्याच्या खोलीत खिडकीला नवा पडदा लावताना दिसली की वाटायचं, हे आपण काय करतोय, आपल्याच लेकीची वाट अडवतोय.

आज सकाळी नांदेडला सप्ताहाच्या समाप्तीचं कीर्तन झालं. अप्पा नेहमीप्रमाणे मागच्या ओळीत, डावीकडून दुसरे. मागं उभं राहणं हीच त्यांची जागा. पुढं येऊन दोन शब्द बोलावेत असं त्यांना आयुष्यात वाटलं नाही. कीर्तन म्हणजे सगळ्यांना पुढचा माणूस दिसतो, पण तो निरूपणात पार दूर निघून गेला, दम लागला, आवाज चिरकला, तर त्याला परत यायला चरण जिवंत ठेवावा लागतो, आणि ते काम मागच्यांचं. ध्रुपद, म्हणजे अभंगाची फिरून फिरून येणारी ओळ, धरायचं. सोडायचं नाही. कीर्तन आटोपल्यावर प्रसादाच्या पंगतीच्या कडेला अप्पांनी महाराजांना शरणार्थ म्हणून नमस्कार केला आणि विचारलं, देवाला दिलेला शब्द मागं घेता येतो का. महाराज वयानं धाकटे, हसतमुख. "अप्पा, तुमच्या स्टँडवर तिकिटाची वापसी असती. देवाकडं न्हाई," ते म्हणाले. मग अप्पांचं उतरलेलं तोंड बघून खांद्यावर हात ठेवला. "पण देव काय कारकून हाय का, अक्षर धरून बसायला? त्याला तुमच्या मनातलं वाचता येतं." लोक हसले. अप्पाही हसले. आणि तेव्हापासून त्यांना जास्तच भीती वाटू लागली होती. मनातलं वाचायला जावं तर मनात काय आहे हे त्यांनाच कुठं ठाऊक होतं?

लोह्याच्या अलीकडं सात वाजले. अप्पांनी फोनवर क्लबाचा रेडिओ लावला. चित्र लावलं की रेंज पुरत नाही, आवाज तेवढा येतो. निवेदकाचं एक अक्षर कळत नव्हतं, पण अप्पांना निवेदक नकोच असायचा. त्याच्या मागं जे वीस हजार लोक होते ते हवे असायचे. वर्षभर ऐकून ऐकून त्यांना त्या लोकांचा ठेका कळायला लागला होता, त्यांचं नेहमीचं एक गाणं ओळखू यायला लागलं होतं. चेंडू आपल्या पायात असला की टाळ्या सावकाश, सम सोडून मग एकदम समेवर. समोरचे चाल करून आले की ठेका घाईचा, बारीक. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली, उतारू चढत-उतरत होते, आणि फोनमधून एकाएकी पुराच्या लोंढ्यासारखा आवाज आला. गोल. कुणाचा? निवेदक ओरडत सुटला आणि त्यात एक शब्द अप्पांनी ओळखला. टिल. "तिळानं केला," ते पंचशीलेला म्हणाले. "गुडघा दुखायला असंल त्याचा. तरी केला."

"मग जिंकले की," पंचशीला म्हणाली आणि डबल बेल मारली. पुढच्या सीटवरच्या एका म्हातारीनं मागं वळून विचारलं, कोण जिंकलं. पंचशीलेनं सांगितलं, कंट्रोलर साहेबाच्या लेकीचं गाव. म्हातारी म्हणाली, बरं झालं माय.

बरं झालं. अप्पांच्या छातीत टाळ वाजत होते आणि त्याच वेळी डोळ्यांपुढं तो नवा पडदा हलत होता. माळेगावचा माळ मागं पडला आणि फोनचा आवाज तुटू लागला. गाण्याचा एक तुकडा, मग शांत, मग एक टाळी, मग काहीच नाही. रेंज गेली. बाहेर अंधारायला लागलं होतं. नांगरून ठेवलेल्या काळ्या रानावर शेवटचा उजेड पडलेला, कुठं एखादी लिंबाची सावली. अप्पांना वाटलं, हेच बरं. आता तिकडं जे काही होतंय ते त्यांच्या मागण्यापलीकडं होतंय. त्यांनी हात जोडायला घेतले आणि मध्येच थांबवले. काय म्हणायचं? जिंकव म्हणावं तर लेक दूर. हरव म्हणावं तर तीळ, जानकी, ते वीस हजार, ते गाव. अहमदपूरएवढं गाव. तिथल्या बेकरीत, सुकन्या सांगायची, सामन्याच्या दिवशी पिवळ्या-हिरव्या साखरेचे पाव करतात; त्या बेकरीवालीला ही काळी-सावळी पोर आपलीच वाटते, ती हिचं नाव झूकी म्हणते, सुकन्या तिला म्हणता येत नाही. बोट उचलून देवाला सांगावं असं एकही वाक्य अप्पांना सापडेना. हात मांडीवर तसेच पडून राहिले, तळवे वर. आयुष्यात पहिल्यांदा ते देवाशी गप्प होते.

अहमदपूरला रेंज आली तेव्हा एक-एक झालं होतं. पंचशीलेनं त्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून आकडा वाचला. "बरोबरी. मग खाली न्हाई जात?"

"जातेत. जिंकायलाच पायजे."

"हरले न्हाईत तरी?"

"हाव."

"लई कडक हाय की तुमचा क्लब," ती म्हणाली. पुढची म्हातारी अहमदपूरला उतरली. उतरताना तिनं अप्पांच्या गुडघ्याला हात लावला, 'होईल समदं चांगलं' म्हणाली, आणि काय चांगलं होणार हे तिलाही नीट ठाऊक नव्हतं. गाडी पुन्हा निघाली. चाकूरपर्यंत आवाज येत-जात राहिला. येईल तेव्हा अप्पा कान लावायचे: ठेका घाईचा झाला होता, टाळ्या समेवर पडत नव्हत्या, लोक दमले होते, भ्यायले होते. चाकूरच्या पुढं एकदम स्वच्छ आवाज आला आणि त्यात लांबवर शिट्टी वाजली, तीनदा. मग काहीच नाही. वीस हजार माणसं गप्प. अप्पांनी फोनकडं पाहिलं, रेंज भरपूर होती. एक-एक. संपलं होतं.

तर झालं एकदाचं. देवानं दिलं. अप्पांना वाटलं होतं, या क्षणी आनंद होईल किंवा रडू येईल. दोन्हीतलं काही झालं नाही. सुकन्या लहानपणी शिडीच्या शेवटच्या पायरीवरून उडी मारायची तसं काहीतरी हवेतच राहिलं, आणि तळवे जमिनीला लागल्याचा आवाज काही येईना.

मग फोनमधून एक आवाज आला. एकाच माणसाचा, बेसूर, थोडा फाटलेला. कुणीतरी एकट्यानं त्यांचं ते गाणं धरलं होतं. एक ओळ गेली. दुसऱ्या ओळीला दहा-बारा जण आले. तिसऱ्या ओळीला एक अख्खी बाजू. चौथ्या ओळीला सगळे. इतक्या सावकाश लयीत त्यांनी ते वर्षभरात कधी म्हटलं नव्हतं. अप्पांनी फोनचा आवाज मोठा केला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. गाडीत उरलेले पंधरा-वीस उतारू ऐकू लागले.

"जिंकले का शेवटी?" पंचशीलेनं विचारलं.

"न्हाई. गेले खाली."

"मग गायलेत कामून?"

अप्पांनी फोन तिच्या बाजूला धरला. "ध्रुपद धरायलेत," ते म्हणाले. "म्होरचे दमलेत. त्यांला परत यायला जागा ठेवायलेत."

पंचशीलेला कीर्तनातलं फारसं ठाऊक नव्हतं, तरी ती मशीन मांडीवर ठेवून, मान खाली घालून ऐकत राहिली. अप्पांचे डोळे भरून आले. हे लोक कोण, कुठले, त्यांचा देव कोणता, काही माहीत नाही. पण मागं उभं राहायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं असेल? चाळीस वर्षं टाळ धरून जे थोडं आपल्याला कळलं ते यांना आधीपासून कळत होतं, आणि अशा लोकांच्या विरुद्ध आपण उभे राहिलो होतो. आणि आपली पोर तिथं मध्ये, त्या गवतावर.

लातूर दहा-बारा किलोमीटर राहिलं तेव्हा तिचा फोन आला. मागं दारं आपटल्याचे, पाणी वाहिल्याचे आवाज. "अप्पा," ती म्हणाली. "उतरलो." आवाज घोगरा होता.

"ऐकलं, माय." मग अप्पांनी ठरवलं नव्हतं तरी ते सांगून बसले. श्रावण, बेलाचं पान, तो शब्द, मागं घ्यायची खटपट, सगळं. हळू बोलायचं म्हणून तोंडाशी हात धरला, तरी पंचशीलेनं खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं. "हे माझ्यामुळं झालं, बाई. मला घरी आण म्हणायचं होतं."

तिकडून हसल्याचा आवाज आला, आणि हसता हसता ती रडतेय हेही कळलं. "अप्पा, चौतीस सामने झाले. आमच्या बचावाचं काय सांगू तुम्हाला. त्यांना हरायला देवाची गरज नव्हती हो." नाक ओढलं. "पण तुम्ही एकटेच हे घेऊन बसलात वर्षभर? आईला पण नाही सांगितलंत?" मग तिचा आवाज बदलला. "ऐका. मुद्द्याचं सांगायचंय. आत्ता क्लबाचे अध्यक्ष आले होते. माझ्या वरचे जे आहेत ते दुसऱ्या क्लबात चालले. ते म्हणतायत, तू थांब, तिसऱ्या लीगमध्ये सगळं तुझ्याकडे देतो. दोन दिवसांत सांगायचंय. नाही म्हटलं तर पंधरा जूनला मी लातूरला. मी आईला विचारलं, आई म्हणाली अप्पांना विचार. आता तुम्ही म्हणाल ते. खरंच. तुम्ही ये म्हणालात तर मी येते, मनात काही न ठेवता."

अप्पांना माहीत होतं, ती खरंच येईल. तिनं शब्द दिला की दिला. सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यात एका पानाएवढा वेळ मिळाला होता, इथं तर सगळी गाडी थांबल्यासारखी वाटत होती आणि बोलायचा शब्द पुन्हा त्यांच्याच तोंडात होता. ये. एका अक्षराचा शब्द, चुकायला जागाच नाही. "तीळ काय करतो मग?" त्यांनी विचारलं, वेळ काढायला.

"टिल? थांबतोय. एक वर्ष अजून. म्हणतो खाली मी नेलं, वर नेतो मगच सोडतो. त्याचा गुडघा एक वर्ष टिकवायचा म्हणजे..." ती बोलायची थांबली. तिकडून कुणीतरी हाक मारली, झूकी. ती फोनपासून तोंड बाजूला नेऊन काहीतरी म्हणाली, त्यांच्या भाषेत, चार-पाच शब्द, स्पष्ट, ठाम, घाईचे नाहीत. कुणीतरी 'या, या', म्हणजे हो, हो, म्हणून ऐकल्याची खूण दिली. हा आवाज अप्पांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. घरी ती अशी बोलतच नसे. स्टँडवर दिवाळीची गर्दी उसळली असताना आपण भोंग्यावरून असंच बोलायचो, आणि गर्दी वळायची. त्यांना ते कळलं आणि ओठांवर आलेला एका अक्षराचा शब्द परत घशात गेला.

"थांब," अप्पा म्हणाले.

"हो, थांबते की. रेंज जातेय का तुमची?"

अप्पांचं नशीबच असं, शब्द म्हणून धड पोचायचा नाही. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि भोंग्यावर बोलायचे तसं, एकेक शब्द सुटा करून बोलले. "फोनवर थांब म्हणत न्हाई मी. तिथं थांब म्हणतोय. हाल्डेनबाखला. त्यांच्यासंगं. आम्ही दोघं बरे हावोत. तू थांब."

तिकडं कुणीतरी पाण्याचा नळ बंद केला. "अप्पा, आईला..."

"ते मी बघतो."

लातूर आलं. स्टँडवर दिव्यांचा पांढरा उजेड, रसवंतीची घुंगरं, कुठल्याशा पोरसवदा कंट्रोलरचा भोंग्यावरचा घाईघाईचा आवाज. पंचशीलेनं त्यांची पिशवी खाली दिली. "साहेब, लेकीला माझा बी जयभीम सांगा," ती म्हणाली. "अन् ते गाणं पुन्यांदा लागलं कुठं तर मला धाडा." अप्पांनी मान हलवली आणि पाहिलं तर फलाटाच्या खांबापाशी सिंधू उभी. घर मागंच, तरी ती कधी अशी न्यायला येत नसे. पदर डोक्यावर नीट घेतलेला, हातात काही नाही. अप्पा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं विसरलं.

"तिला थांब म्हणलो मी," ते म्हणाले.

सिंधू त्यांच्याकडं बघत राहिली. परळीची गाडी निघाली, तिचा धूर दोघांच्या मधून गेला. ती म्हणाली, "जानकी राहणार का त्यांच्यात?"

"कोण?"

"जानकी. गोल अडवणारा. खाली गेल्यावर चांगले चांगले सोडून जातेत म्हणं. ती मागं म्हणत होती."

"इचारायचं राहिलं."

"मग लावा फोन."

अप्पांनी फोन लावून तिच्या हातात दिला. सिंधू खांबाला टेकून उभी राहिली आणि विचारायला लागली. जानकी राहणार, असं तिकडून कळलं. मग तो केस बांधणारा, उजवीकडून पळणारा? तो जाणार. मग तो सारखा पडणारा, गोरा, कान लाल होतात तो? तो राहणार. ते दोघं भाऊ? एक राहणार, एक जाणार. बरं नाही केलं, भावांना वेगळं करू नये, सिंधू म्हणाली. एकेकाचं नाव घेऊन, तिनंच ठेवलेली नावं, तिनं सगळा संघ विचारून काढला. आवाज जराही कापला नाही. अप्पा पिशवी धरून शेजारी उभे होते. नावं संपत आली तशी ती सावकाश विचारू लागली, मध्ये मध्ये थांबू लागली, मग राखीव खेळाडूंवर गेली, आणि मग तेही संपले. फोन कानाशी तसाच. तिकडून सुकन्या काहीतरी हळू बोलली. शेजारी उभ्या अप्पांनाही ते ऐकू आलं.

"आई, मी पण राहतेय."

"ते कळलं," सिंधू म्हणाली. "तू तिळाचं सांग. एका वर्षात होईल का त्याचा गुडघा?"